अब्दुर्रहमानभाईंचा कान

भिवंडी-वाडा रस्त्यावर एक गॅरेज आहे. त्याला पाटी नाही. पूर्वी होती, ती एका टेम्पोने पाडली, तोच टेम्पो लगोलग दुरुस्तीला आत आला आणि त्या गडबडीत पाटी पुन्हा लावायची राहून गेली. पण पत्ता विचारला तर कोणीही सांगेल, "कानवाल्याकडे ना? सरळ जा."

कानवाला म्हणजे अब्दुर्रहमानभाई. वय अडुसष्ट, बांधा किरकोळ, दाढी पांढरी आणि हात कोपरापर्यंत काळे. त्यांची ख्याती अशी की गाडी दारात येऊन थांबेपर्यंत तिचं दुखणं त्यांना ऐकू आलेलं असतं. बॉनेट उघडण्याआधी ते डोळे अर्धवट मिटून, मान जराशी कलती करून उभे राहत आणि मग एक बोट पुढे करत. "इकडे." दुखणं तिथेच निघे. त्यांचा जोडीदार लडकू त्या वेळी गाडीच्या पलीकडच्या बाजूला उभा असे. हा दिघाशी गावचा माणूस, त्यांच्याच वयाचा, तीस वर्षं त्यांच्यासोबत. त्याच्याकडे कोणी बघत नसे. मीही कधी बघितलं नाही.

आमची पांढरी गाडी या गॅरेजमध्ये आणायला सुरुवात केली ती माझे यजमान केसरीनाथ यांनी. गाडीला पंचवीस वर्षं झाली, यजमानांना जाऊन अकरा. तेव्हापासून मी चालवते. बाजार, बँक, डॉक्टर, महिन्यातून एकदा काल्हेरला नणंदेकडे. ताशी तीसच्या वर काटा गेलेला मला आठवत नाही, आणि डायरीतही तशी नोंद नाही. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी डायरीची सवय लावली ती आजतागायत आहे. तारीख, वेळ, हवामान, मग घडलेली गोष्ट. मनाला काय वाटलं ते लिहायचं नाही, ते आपोआप लक्षात राहतं, असं त्यांचं म्हणणं होतं. डायरी अजून इंग्रजीतच लिहिते, कारण सिस्टर इंग्रजीत तपासत.

गेल्या नोव्हेंबरात माझ्या पंचाहत्तरीला हितेशने, माझ्या मुलाने, मला भेट दिली. हितेश ठाण्याला राहतो आणि रात्री जेवणानंतर मोबाइलवर गाड्यांचे व्हिडिओ बघतो. त्यातून त्याला कळलं की जुन्या गाड्या वळणावर झुकतात. म्हणून त्याने कुठूनशी एक जाडजूड स्टॅबिलायझरची दांडी मागवली आणि ठाण्याच्या एका दुकानात ती गाडीला बसवून आणली. ही वाकवलेली लोखंडी दांडी गाडीच्या पोटाखालून पुढच्या दोन्ही चाकांना जोडते. वळताना एक बाजू दबली की ती दुसऱ्या बाजूला सोबत ओढते आणि गाडी सरळ राहते. मूळची दांडी होतीच, पण बारीक.

"आई, आता तू ऐंशीने वळलीस तरी गाडी झुकणार नाही," हितेश म्हणाला.

मी ऐंशीने वळावं असं त्याला का वाटलं, ते मी विचारलं नाही. भेटवस्तूला प्रश्न विचारू नयेत.

आठवड्याभरात दांडी ओरडू लागली. प्रत्येक खड्ड्याला "चींऽऽ", जुन्या लाकडी झोपाळ्यासारखी. मी गाडी कानवाल्याकडे नेली. अब्दुर्रहमानभाई खाली वाकले, डोळे अर्धवट मिटले, बोट पुढे केलं.

"बुश, वहिनी. दांडी धरून ठेवणारे हे पिवळे बुश. प्लास्टिकचा खेळ आहे. काढून टाकू."

"मग काय घालायचं?"

ते हसले. "आपण भिवंडीत राहतो ना?"

त्याचा अर्थ असा. लूमवर, म्हणजे कापड विणणाऱ्या यंत्रमागावर, धोट्याला या टोकापासून त्या टोकाला फेकणारा एक चिवट ठोकळा असतो, त्याला पिकर म्हणतात. तो दिवसभर मार खातो आणि तुटत नाही. त्यामुळे आमच्या गावात शिलाई मशीन हललं की खाली पिकर, कपाटाचा पाय तुटला की पिकर, दरवाजा आपटतो की मध्ये पिकर. अब्दुर्रहमानभाईंचं लहानपण लूमच्या खोलीत गेलेलं, बाप आणि आजा दोघे लूमवाले. पिकरवर त्यांची श्रद्धा. त्यांनी एक पिकर कापला, भोक पाडलं, घासून गुळगुळीत केलं आणि दांडीला दोन नवे बुश बसवले. चींचीं थांबली. पिवळे बुश मी पाकिटात घातले, वर तारीख टाकली आणि डिकीत ठेवून दिले. मी काही टाकत नाही.

१२ डिसेंबरला दुसरा आवाज सुरू झाला. हा चींचीं नव्हता, हा "खट्" होता. खालून कोणी हातोडी मारावी तसा.

परत गॅरेज. अब्दुर्रहमानभाईंनी स्वतः गाडी चालवून बघितली. त्यांची चाचणीची जागा ठरलेली, गॅरेजसमोरचा गतिरोधक. तीनदा गेले, तीनदा आले. लडकू गाडीबरोबर चालत होता.

"आवाज नाय वहिनी."

"मला येतो हो."

"लडकू, तुला?"

लडकूनेही मान हलवली. "न्हाय वयनी. चिडीचूप हाय."

आणि खरंच, मी शेजारी बसून गतिरोधकावरून गेले तेव्हा आवाज आला नाही. घरी निघाले, वंजारपट्टी नाक्याच्या अलीकडे आला. डॉक्टरसमोर मूल खोकत नाही, तशी ही गाडी. मी डायरीत लिहीत गेले, कुठे आला, कुठे नाही आला. महिन्याभरात चार फेऱ्या झाल्या. दोन फेऱ्यांनंतर लडकूच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि तो धुळीत यायचं नाही म्हणून दिघाशीला गेला. पुढच्या दोन फेऱ्यांना अब्दुर्रहमानभाई एकटेच होते. आता ते मान कलती करत, पण बोट पुढे करत नसत. "बघू," म्हणत आणि चहा मागवत.

संक्रांतीला संध्याकाळी मी त्यांच्या घरी तिळगूळ घेऊन गेले. घरात त्यांची बायको जुबैदाभाभी आणि मुलगी इरम. इरम काल्हेरला एका गोदामाच्या ऑफिसात काम करते, रोज शंभर ट्रक आत-बाहेर सोडते आणि ट्रक ड्रायव्हरांशी बोलायची तीच पद्धत घरी वापरते.

"काकी, बरं झालं तुम्ही आलात. तुम्ही साक्षीदार," ती म्हणाली. "अब्बा, परवा टेम्पो रिव्हर्स घेत होता. हॉर्न मारून मारून थकला आणि तुम्ही पाठ करून उभे. नाक्यावरच्या पानवाल्याने ओढलं म्हणून वाचलात. खरं की खोटं?"

अब्दुर्रहमानभाई तिच्या तोंडाकडे बघत होते. "हॉर्न खराब होता त्याचा."

"मग दुरुस्तीला आला का तो आपल्याकडे?"

"नाय आला. यायला पाहिजे होता."

"हे बघा! कशाचीही मस्करी." इरम माझ्याकडे वळली. "काकी, मी म्हणते गॅरेज बंद करा. ते दुकान भाड्याने द्या. मोबाइलवाला दारात उभा आहे. हे म्हणतात, कानवाला मरेपर्यंत शटर उघडं राहणार."

"चहा घेणार?" जुबैदाभाभींनी विचारलं, आणि विचारताना कप अब्दुर्रहमानभाईंच्या डोळ्यांसमोर धरला.

"घेणार की."

"बघ," भाभी मुलीला म्हणाल्या, "ऐकू येतंय सगळं."

इरमने आईकडे एकवार बघितलं. मग वडिलांच्या समोर येऊन बसली. "ठीक आहे. काकींच्या गाडीचा आवाज महिना झाला निघत नाही. कानवाल्याकडून! रविवारी मी त्या गाडीत बसते, दिघाशीला लडकूकाकांना बघायला जाऊ. जाताना एकदाही वाजली नाही, तर मी या विषयावर पुन्हा तोंड उघडणार नाही. वाजली, तर सोमवारी मोबाइलवाल्याला चावी. कबूल?"

"कबूल," अब्दुर्रहमानभाई म्हणाले. माझी गाडी अशी पणाला लागली. मला कोणी विचारलं नाही.

बुधवारी, १७ जानेवारीला, सकाळी साडेदहाला मी गॅरेजमध्ये गेले. हवा थंड, ऊन चांगलं. अब्दुर्रहमानभाई दुसऱ्या कोणाच्या गाडीखाली वाकलेले, पाठ माझ्याकडे.

"अब्दुर्रहमानभाई."

उत्तर नाही.

"अब्दुर्रहमानभाई!"

नाही. मी गाडीत परत बसले आणि हॉर्न वाजवला. हा हॉर्न चांगला आहे, मागच्या वर्षी त्यांनीच बदलला. समोरच्या हॉटेलातली तीन माणसं वळून माझ्याकडे बघू लागली. ते वळले नाहीत. पाना फिरवत राहिले.

मी उतरून फिरून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. ते दचकले. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना सगळं कळलं असावं, कारण पाना खाली ठेवून ते स्टुलावर बसले.

"किती वर्षं?" मी विचारलं.

"समोरून बोला वहिनी, सावकाश. हां, आता कळतं." त्यांनी हात पुसले. "लूमच्या खोलीत जन्मलो. पंधरा वर्षांचा होतो तेव्हाच कान अर्धे गेले होते. बाकीचे जाताना सांगून नाय गेले."

"आणि हे सगळं? कानवाला?"

"लडकू." ते थोडे लाजले. "तोपण आमच्याच लूमवर होता आधी. लूमच्या खोलीत तोंडाने बोलून काय उपयोग? माणसं हातांनी बोलतात. धागा तुटला तर असं." दोन बोटं एकमेकांपासून दूर झाली. "चहा आला तर असं. लूम बरोबर चालला आहे, चालू ठेव, तर असं." त्यांनी मूठ हवेत दोनदा चाकासारखी फिरवली. "लडकू गाडीच्या पलीकडून सांगायचा, पुढचं डावं, मागचं उजवं. मी बोट दाखवायचो."

अर्धवट मिटलेले डोळे अर्धवट उघडे असतात, हे पंचवीस वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं. आणि कानवाल्याचे कान गेले होते ते लडकूच्या डोळ्यामुळे, हेही खरंच.

"इरमला सांगू नका," ते म्हणाले. "टेम्पोचं तिला कळलं. हेपण कळलं तर रविवारपर्यंतसुद्धा थांबणार नाय. वहिनी, घरी बसून मी काय करू? घरी काय बिघडतं?"

मी डायरी उघडली. सांत्वन मला नीट जमत नाही, नोंदी जमतात. त्यांच्यासमोर बसून, ओठ नीट हलवत, एकेक नोंद मराठीत करून सांगू लागले. "बारा डिसेंबर, वंजारपट्टी नाक्याच्या अलीकडे, डावीकडचा खड्डा, खट्. तेरा डिसेंबर, गॅरेजसमोर गतिरोधक, काही नाही. सोळा डिसेंबर, बँकेच्या गल्लीत गटाराचं झाकण, उजवं चाक, खट्. एकोणीस डिसेंबर, काल्हेरच्या वाटेवर सलग पाच गतिरोधक, काही नाही. परत येताना रस्ता खणलेला, एक चाक खाली उतरलं, खट्..."

"थांबा," ते म्हणाले. "परत. फक्त कुठे वाजली ते."

मी वाचलं. खड्डा, झाकण, खणलेली कड.

"आणि कुठे नाय?"

"गतिरोधक, गतिरोधक, गतिरोधक."

त्यांनी कपाळावर हात मारला. कपाळ काळं झालं. "या अल्ला! गतिरोधकावर दोन्ही चाकं एकदम वर जातात. दांडी पिळली जातच नाय. एक चाक वर, एक खाली, तेव्हाच ती काम करते. आणि मी महिनाभर गतिरोधकावर नाचतोय! लडकूच्या कानाने ऐकलं तरी तिथे काय ऐकणार?"

म्हणजे पहिल्या दोन फेऱ्यांना दोघे खरंच बोलले होते. आवाज नव्हताच.

मग त्यांनी गाडीच्या डाव्या पुढच्या चाकाखाली लाकडाचा जाड ठोकळा सरकवला, उजवं चाक जमिनीवरच राहू दिलं, आणि स्वतः खाली सरपटले. "वहिनी, आता उजव्या बाजूला मडगार्डवर भार द्या आणि सोडा. द्या आणि सोडा."

पंचाहत्तराव्या वर्षी, भर सकाळी, वाडा रस्त्यावर, साडी सावरत मी माझी स्वतःची गाडी हलवत होते. समोरच्या हॉटेलातली ती तीन माणसं आता पाच झाली होती. पाचव्या हेलकाव्याला खालून आवाज आला, गाडीचा नाही, त्यांचा.

"हातात आला! वहिनी, हातात आला!"

ते दांडीवर पंजा ठेवून पडले होते. खट् त्यांनी हाताने पकडला होता.

बुश काढले. पिकरमधून कापलेले, त्यांचे स्वतःचे. पिकर मार खातो तो खराच, पण तो वाकत नाही, दबत नाही. दांडीनेच त्याला आतून घासून भोक सैल केलं होतं, आणि त्या दोऱ्याएवढ्या फटीत दांडी आपटत होती. अब्दुर्रहमानभाईंनी तो तुकडा उजेडात धरून बराच वेळ बघितला.

"दुसऱ्या कोणी बसवला असता ना," ते म्हणाले, "तर त्याला इतक्या शिव्या घातल्या असत्या..."

"घाला की."

"बाईमाणसासमोर नाय."

मी डिकीतून तारखेचं पाकीट आणलं. पिवळे बुश बाहेर काढले तर त्यांच्यामागून घडी घातलेला एक छापील कागद आणि ग्रीसची छोटी पुडी पडली. हितेशच्या खोक्यातली. दांडी बसवून आणली त्याच दिवशी मी दोन्ही याच पाकिटात जपून ठेवली होती. कागद इंग्रजीत होता. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं की बुश बसवण्याआधी ही पुडी आतून पूर्ण लावावी, नाहीतर आवाज येईल.

ठाण्याच्या दुकानदाराने ती लावली नाही, हितेशने कागद बघितला नाही, अब्दुर्रहमानभाईंना इंग्रजी येत नाही. आणि मी, सिस्टरांची आवडती विद्यार्थिनी, कागदावर तारीख टाकून तो न वाचता ठेवून दिला होता. दोन महिने. म्हणजे त्यांनी राखून ठेवलेल्या शिव्यांत माझाही वाटा होता.

पिवळे बुश धुतले, पुडी लावली, दांडी बसवली. शेवटचे नट त्यांनी गाडी चारही चाकांवर उभी करून, तिचं वजन पडल्यावर आवळले. लटकत्या गाडीला आवळलं तर बुश पिळलेलेच राहतात, म्हणाले. सगळं मिळून सव्वा तास.

शनिवारी हितेशचा फोन आला. "आई, स्टॅबिलायझर कसा आहे?"

"आवाजसुद्धा येत नाही."

"म्हटलं होतं ना? चांगल्या वस्तूचं हेच असतं. बसवली की विसरायची."

शनिवारी रात्री इरमचाही फोन आला; आवाज अब्बांनी हाताने पकडला, एवढंच मी तिला सांगितलं. रविवारी सकाळी आठला निघालो. मी चालवायला, इरम शेजारी, अब्दुर्रहमानभाई मागच्या सीटवर मधोमध, मांडीवर लडकूसाठी पेरूंची पिशवी. जुबैदाभाभी येणार होत्या, पण म्हणाल्या, मला तिथे बसून श्वास घेता येणार नाही, आणि घरीच राहिल्या.

अंबाडीपर्यंत खड्डे शोधावे लागत नाहीत, रस्ता शोधावा लागतो. पण इरमने ऑफिसात ट्रक मोजून मोजून नजर कमावलेली. "काकी, तो डावीकडचा घ्या. एकच चाक." मी घेतला. गाडी डुलली, बस्स. "आता उजवीकडचा. अजून कडेला." घेतला. "तो मोठा." मी तोही घेतला, मनातल्या मनात यजमानांची माफी मागून.

गाडीत शांतता होती. ही शांतता मला नवीन होती. गेले दोन महिने या गाडीत कधी चींचीं, कधी खट्, त्यामुळे सगळे मोठ्याने बोलत, आणि मोठ्याने बोलताना हलणारे ओठ अब्दुर्रहमानभाईंना थोडेफार वाचता येत. आता सगळे हळू बोलू शकत होते.

अंबाडीच्या बाजारापाशी इरम पुढे बघतच म्हणाली, "अब्बा, नाही वाजत."

मागून काही नाही.

मी आरशात बघितलं. अब्दुर्रहमानभाई तिच्या मानेकडे बघत होते, निकाल लागायची वाट बघत असल्यासारखे. दोन्ही हात पिशवीच्या कानांवर घट्ट.

"अब्बा, जिंकलात तुम्ही."

काही नाही. मला वाटलं, मी मोठ्याने तेच परत बोलावं, म्हणजे निभावून जाईल. पण मी आयुष्यात खोटी नोंद केलेली नाही, आणि तोंड उघडेपर्यंत उशीरच झाला होता. इरम सीटवर पूर्ण मागे वळली होती.

तिने मूठ उचलली आणि हवेत दोनदा चाकासारखी फिरवली.

अब्दुर्रहमानभाई पुढे वाकले. मग म्हणाले, "तुला हे कोणी शिकवलं?"

तिने ओठ नीट हलवत, सावकाश सांगितलं, "दादाजींच्या लूमखाली खेळत मोठी झाले मी. तुम्ही आणि लडकूकाका माझ्यासमोर वीस वर्षं हातांनी बोलताय. मला काय आंधळी समजलात?"

"म्हणजे तुला..."

"अम्मीला माहीत आहे. पानवाल्याला माहीत आहे. काकींनाच काय ते माहीत नव्हतं."

हे मला लागलं, पण खरं होतं.

"मला वाटलं, कानाशिवाय तुम्ही काम नुसतं ओढत असाल," इरम म्हणाली. "काकींनी कालच फोनवर सांगितलं, हाताने पकडलात. तेवढंच बघायचं होतं." मग तिचा ट्रकवाला आवाज परत आला. "पण मशीन लावायचं. कानात. आणि लडकूकाका येईपर्यंत टेम्पो आत घ्यायचा नाही."

"मशीन घरी लावतो."

"गॅरेजमध्ये."

"गिऱ्हाईक काय म्हणेल? कानवाला आणि कानात मशीन!"

"म्हणेल, नवीन मॉडेल आलं."

अब्दुर्रहमानभाईंनी पिशवीतून एक पेरू काढला, पँटला पुसला आणि लेकीच्या हातात दिला. मला वाटतं, हा करारावर सही करण्याचा त्यांचा प्रकार असावा.

दिघाशीला लडकू अंगणात बाजेवर बसला होता, डोळ्यांवर काळा चष्मा. आम्ही अगदी त्याच्याजवळ येऊन थांबलो तरी तो हलला नाही. मी दार उघडलं तेव्हा दचकला.

"कोन हाय?"

"मी आहे लडकू. आम्ही सगळे आलोय."

"वयनी? तुमची गारी कुठं हाय मंग?" त्याने कान टवकारले, चष्मा वर केला, मिचमिच्या डोळ्यांनी बघितलं. "हीच? वाजली कशी न्हाय? मी तं वळखलीच न्हाय."

अब्दुर्रहमानभाई त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि मूठ दोनदा फिरवली. लडकूने चष्म्याआडून ती मूठ आणि दुसऱ्या हातातली पिशवी नीट बघितली. मग तोंडाने, मोठ्याने म्हणाला, "पेरू आनलंस का रं?"